मे महिन्यात मोजलेली अर्थिंग: घरच्या गरम पाण्याच्या टबची वायरिंग

गरम पाण्याच्या टबात हीटरची नळी असते. नळीत तार, तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड आणि बाहेरून धातूचं पातळ कवच. आमच्याकडच्या जड पाण्याचा क्षार या कवचावर थराथराने चढतो, ते जागोजागी जास्त तापतं आणि एखाद दिवशी तडकतं. मग पूड ओल धरते आणि करंट पाण्यात उतरतो. गिझरमध्येही हेच होतं, पण गिझरचं पाणी आपण बादलीत काढून घेतो. टबात माणूस गिझरच्या आतच बसलेला असतो. लातूरला आमच्या घरी टब बसवायचं ठरलं तेव्हापासून हे चित्र माझ्या डोक्यातून गेलं नाही, आणि पुढचं सगळं काम त्याच धास्तीने झालं.

टब आईसाठी होता. तिचे दोन्ही गुडघे झिजलेत. कोमट पाण्यात बसून केलेले व्यायाम तिला झेपतात, जमिनीवरचे झेपत नाहीत. पूर्वी ती किनवट भागातल्या उनकेश्वरच्या गरम झऱ्यांवर जायची. तिथून आली की काही दिवस चालणं सुधारायचं. आता तेवढा प्रवास तिला होत नाही.

लातुरात टब म्हटलं की पहिला प्रश्न पाण्याचा येतो, आणि तो यायलाच हवा. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणून हे शहर जगलं, ते इथं कुणी विसरलेलं नाही. म्हणून टबातलं पाणी रोज बदलायचं नाही, गाळून आणि क्लोरीन घालून महिनोन्‌महिने तेच वापरायचं, हे आधीच ठरलं. त्याचा थेट परिणाम वायरिंगवर होतो. पाणी फिरवणारा छोटा पंप दिवसरात्र अधूनमधून चालत राहतो, म्हणजे वीज कायम जोडलेली असते. ‘वापरून झालं की बटण बंद’ ही सोय इथं नाही.

काम आमच्या नेहमीच्या वायरमन मामांनी करायचं होतं. मामांचा हात चांगला आहे. आमच्या बोअरची मोटर आणि स्टार्टर तेच सांभाळतात. पण टबची पुस्तिका उघडल्यावर पहिला धोका तिथेच दिसला. पहिल्या पानावर अमेरिकेतली जोडणी होती: काळी, लाल, पांढरी आणि हिरवी अशा चार तारा.

मामा म्हणाले, “ताई, दोन फेज मागतंय हे. मीटर थ्री-फेज करून घेऊ, त्यातल्या दोन देऊ.”

अमेरिकेत घरात येणाऱ्या दोन ‘गरम’ तारांमध्ये २४० व्होल्ट असतात आणि प्रत्येकीत व न्यूट्रलमध्ये १२०. आपल्याकडे एका फेजमध्ये आणि न्यूट्रलमध्येच २३० व्होल्ट मिळतात. दोन फेज दिल्या तर त्यांच्यामध्ये ४०० च्या आसपास व्होल्ट पडतात. टबचं कंट्रोल कार्ड त्याच क्षणी जळालं असतं. रंगांचा घोळ तर याहून वाईट. तिथं काळी तार जिवंत आणि पांढरी न्यूट्रल. आपल्या वायरमनच्या हाताला काळी म्हणजे न्यूट्रल हेच वळण पडलेलं. तिथली वीज ६० हर्ट्‌झची, आपली ५० ची, म्हणून तिथल्यासाठी बनवलेली मोटर इथं हळू फिरते आणि जास्त तापते. सुदैवाने आमच्या टबच्या पाटीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ असं स्पष्ट लिहिलं होतं आणि त्याची जोडणी पुस्तिकेत बरीच मागे होती. मामांनी अमेरिकेचं पान दोऱ्याने बांधून टाकलं. पाटी आधी आणि पुस्तिका नंतर, हा क्रम मी आता कुणालाही सांगते.

त्याच दिवशी आम्ही ठरवलं की परवानाधारक विद्युत ठेकेदाराला यात घ्यायचं. वाढीव मंजूर भारासाठी महावितरणला त्यांचा टेस्ट रिपोर्ट द्यावाच लागतो, पण तेवढ्यासाठी नाही. मोजमापाची उपकरणं त्यांच्याकडे असतात. मामांना थोडं लागलं. मी म्हटलं, “मामा, काम तुम्हीच करायचं. सर फक्त मोजून देतील.” नंतर दोघांचं चांगलं जमलं.

लोडचा हिशेब सोपा निघाला. हीटर ३ किलोवॉट, मोठा पंप दीड, बाकी किरकोळ. एकूण पाच किलोवॉटच्या घरात, म्हणजे साधारण २२ अँपिअर. त्यासाठी वेगळी लाइन, ३२ अँपिअरचं संरक्षण आणि ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तीन कोअर आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल. मामा ४ ची म्हणत होते, आणि नुसत्या करंटपुरती ती कदाचित पुरलीही असती. पण लातूरच्या मे महिन्यात हवाच चाळिशीच्या वर असते आणि उष्णतेत केबलची ताकद उतरते. एमसीबी, म्हणजे करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, तर ३० अंशांवर बेतलेली असते. पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात तापलेल्या डबीत ती उगाच पडू लागते, आणि मग कुणीतरी वैतागून मोठ्या अँपिअरची बसवतं. तिथून पुढे केबलला कुणी वाली राहत नाही. म्हणून डबी उत्तरेच्या भिंतीवर सावलीत घेतली. केबल अडीच फूट खोल चरात वाळू घालून पुरली, वर विटा मांडल्या. आमच्याकडे घुशींचा त्रास आहे, त्यामुळे आर्मर्ड केबलला पर्यायच नव्हता.

आता अर्थिंग. माझ्या मते संपूर्ण कामाचा जीव इथे आहे.

महावितरण आपल्या दारात फेज आणि न्यूट्रल आणून देते. साध्या घरासाठी अर्थिंग बहुधा आपली आपणच करावी लागते, आपल्याच अंगणात खड्डा करून, त्यात पाइप पुरून. म्हणजे बिघाड झाला तर करंटला आपल्या खड्ड्यातून मातीत उतरून डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, अर्थिंगपर्यंत जावं लागतं. माती किती वाट देते त्यावर सगळं अवलंबून. आणि मराठवाड्याची माती वर्षभर एकसारखी नसते. काळी माती पावसाळ्यात ओल धरून ठेवते, तेव्हा ती उत्तम वाहक असते. उन्हाळ्यात तीच आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, खड्ड्यातल्या पाइपाला ती सोडून देते. खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पाषाणात वीज मुरत नाही.

घर बांधलं तेव्हाचा रिपोर्ट माझ्याकडे होता. भर पावसाळ्यात मोजलेली अर्थिंग ७ ओहम. हा रोधाचा आकडा, जितका कमी तितकी करंटची वाट मोकळी. त्यावर समाधान मानायला घरातले सगळे तयार होते. ठेकेदार सरांनी मात्र मे महिन्यात पुन्हा मोजायला लावलं. मेन बंद करून खड्ड्याची जोडणी सोडवली, ओळीत दोन खुंट्या ठोकल्या, खुंट्यांच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतलं आणि अर्थ टेस्टर फिरवला. तोच खड्डा १९ ओहम दाखवत होता.

सरांनी तिथेच ओट्यावर खडूने हिशेब मांडला. २३० भागिले १९ म्हणजे फार तर १२ अँपिअर. हीटर फुटून करंट टबच्या धातूच्या भागांत उतरला तर मातीत जाणारा करंट एवढाच. ३२ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने ही रोजची मजुरी, ती पडणारच नाही. आणि टबचा कठडा, नळ, पाणी, सगळं जवळजवळ पूर्ण दाबावर, म्हणजे २३० व्होल्टच्या आसपास, उभं राहील. पावसाळ्यातला ७ चा आकडा धरला तरी ३३ अँपिअर येतात. तेवढ्यावरही ती एमसीबी खुशाल उभी राहू शकते.

मामा बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत होते. “म्हंजी एमसीबी हाय म्हणून माणूस वाचतो, हे खोटंच की ओ सर.”

एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणसाचा जीव तिच्या मोजमापात बसतच नाही. भिजलेल्या अंगाचा रोध हजार ओहमपर्यंत किंवा त्याहूनही खाली येतो. २३० व्होल्टला हजाराने भागलं तर ०.२३ अँपिअर. हृदयाची लय बिघडायला याच्या कितीतरी कमी करंट पुरतो, आणि ३२ अँपिअरच्या एमसीबीला तो कळतही नाही. गावोगाव ‘एमसीबी बसवली, आता काळजी नाही’ असं म्हणणारी माणसं मला भेटतात, तेव्हा मी हा भागाकार त्यांच्यासमोर मांडते.

माणसासाठी असते ती आरसीसीबी. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच ती पाहते. ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे ०.०३ अँपिअरचा, फरक पडला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत वीज तोडते, आणि गळती मोठी असेल तर त्याहून कितीतरी लवकर. आम्ही टबच्या लाइनवर आरसीबीओ घेतला, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकाच नगात. तोही ए टाइपचा. टबमध्ये इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं आणि त्यातून होणारी गळती नेहमीच सरळ एसी नसते. दुकानात न सांगता मिळतो तो बहुधा एसी टाइप, म्हणून नगावरची खूण बघून घ्यायची. आणि मेनवर १०० मिलिअँपिअरची, जराशी उशिरा पडणारी दुसरी आरसीसीबी बसवली. टबजवळची एखाद दिवशी अडकून बसली, तर मागे कुणीतरी हवं.

मग मामांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता, की आरसीसीबी एवढी चांगली असेल तर १९ ओहमची अर्थिंग तरी काय वाईट? ३० मिलिअँपिअर १९ ओहममधून गेले तर अर्धा-पाऊण व्होल्ट दाब, त्याने कुणाला काही होत नाही. सर म्हणाले, हिशेब बरोबर आहे. पण तो आरसीसीबी काम करते असं धरून केलेला आहे. धूळ, ओल, क्लोरीनची वाफ आणि वर्षानुवर्षं न दाबलेलं टेस्टचं बटण, यात ती निकामी झालेली त्यांनी पाहिली आहे. दोन्ही हवेत. एक हुकलं तरी दुसरं उभं राहावं म्हणून.

नवी अर्थिंग करताना मीठ-कोळशाचा खड्डा नको, यावर सर ठाम होते. मीठ दोन पावसाळ्यांत वाहून जातं आणि जाता जाता पाइप खाऊन टाकतं. छोट्या मशीनने वीस-वीस फुटांची दोन भोकं पाडली, एकमेकांपासून वीस फुटांहून जास्त अंतरावर. त्यात तांब्याचा लेप असलेल्या पोलादी कांबी सोडल्या आणि भोवती बेंटोनाइट भरलं. बेंटोनाइट म्हणजे मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइट ही चिकणमाती. आपल्या काळ्या मातीला ओल धरायची आणि फुगायची सवय लावणारं खनिजही त्याच घराण्यातलं. म्हणून गुणाबरोबर अवगुणही तोच: कोरडं पडलं तर तेही आकसतं. भेगा जिथवर पोचतात त्याच्या बऱ्याच खाली कांब गेली पाहिजे, आणि उन्हाळ्यात वरून पाणी घातलं पाहिजे. लातुरात मे महिन्यात अर्थिंगला पाणी कुठून द्यायचं? आमच्या आरओ मशीनचं टाकाऊ पाणी बारीक नळीने दोन्ही खड्ड्यांत सोडलं आहे. ते क्षारयुक्त असतं, झाडांना तसंही चालत नाही. इथं त्याचं सोनं होतं.

दोन्ही कांबी आणि जुना खड्डा तांब्याच्या पट्टीने जोडून त्याच मे महिन्यात मोजलं. ३.४ ओहम. यावरही बिघाडाचा करंट ६८ अँपिअरच्या आसपास येतो आणि एमसीबीला पडायला अर्धं-एक मिनिट सहज लागू शकतं. म्हणजे अर्थिंग कितीही चांगली केली तरी आरसीसीबी सोडता येत नाही.

पुढचं काम टबच्या भोवतालाचं. पाण्याच्या कडेपासून दोन मीटरचा पहिला पट्टा आणि त्यापुढे दीड मीटरचा दुसरा, असे विभाग पोहण्याच्या तलावांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात मांडलेले आहेत. आम्ही तेच अंगणावर खडूने आखले. आखल्यावर जे दिसलं ते आधी कुणाच्या नजरेत आलं नव्हतं. वॉशिंग मशीनचा सॉकेट आत येत होता, तो काढला. लोखंडी कूलर अगदी कडेला होता. कूलरच्या शॉकने माणूस गेल्याच्या बातम्या उन्हाळ्यात आपण वाचतोच. तो घराच्या दुसऱ्या अंगाला नेला. कपडे वाळत घालायची तार शेडच्या खांबाला बांधलेली होती आणि तिचं दुसरं टोक सर्व्हिस वायरजवळून जात होतं. तिथं नायलॉनची दोरी आली. टब बंद करायचा स्विच टबात बसलेल्याला दिसेल, पण त्याचा हात पोचणार नाही, असा साडेतीन मीटरच्या पलीकडे लावला. पाण्यातला दिवा १२ व्होल्टचा, त्याचा ट्रान्सफॉर्मरही तिकडेच.

शेडचे लोखंडी खांब, आईला धरायचा कठडा, टबखालच्या काँक्रीटमधली जाळी आणि पंपाची बॉडी, सगळं १० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने एकमेकांना आणि अर्थिंगला बांधलं. जाळीची तार काँक्रीट ओतण्याआधीच बाहेर काढावी लागते, नंतर ते जमत नाही. यामागचा विचार मला फार आवडला. शॉक बसतो तो दोन ठिकाणच्या दाबातल्या फरकामुळे. एक हात कठड्यावर, पाय पाण्यात, आणि दोन्हींचा दाब एकच असेल तर अंगातून जायला करंटला कारणच उरत नाही. आई कठड्याचा आधार घेतल्याशिवाय पाण्यात उतरू शकत नाही, म्हणून ही तार बांधताना मी स्वतः प्रत्येक लग, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची टोपी, ओढून पाहिला.

पाणी भरण्याआधी कंट्रोल कार्ड सोडवून ठेवलं आणि ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे गळती शोधणाऱ्या मीटरने, केबल आणि हीटर तपासले. पाणी भरून गरम केल्यावर हीटर पुन्हा तपासला, कारण बारीक तडा थंड आणि कोरडा असताना लपून राहतो. दोन्ही वेळा आकडे चांगले आले. पण वीज सोडल्यावर आरसीबीओ टिकेना. टब बंद असला तरी संध्याकाळी अचानक पडायचा.

इथे मामांच्या हाताखालचा पोरगा म्हणाला, “डायरेक्ट करून टाकू का? नुसता तरास आहे हा.” असं ‘डायरेक्ट’ केलेल्या, म्हणजे वगळून तारा थेट जोडलेल्या, आरसीसीबी किती घरांत असतील याचा विचार केला की मला झोप येत नाही. मामांनीच त्याला थांबवलं. संध्याकाळीच का पडतो, यावरून त्यांनी माग काढला. बागेतला दिवा लागला की पडायचा. त्या दिव्याची फेज घरातून आली होती आणि न्यूट्रल जवळ पडतो म्हणून टबच्या डबीतून घेतलेला होता. गेला घरातून आणि परत आला टबच्या वाटेने, मग हिशेब जुळणार कसा? आरसीबीओने आपलं काम चोख केलं होतं. न्यूट्रल जागेवर नेल्यावर तो पुन्हा तसा कधी पडला नाही. शेवटी सरांनी मशीन लावून मुद्दाम गळती घडवली आणि तो किती वेळात पडतो ते मोजलं. टेस्टचं बटण आतली यंत्रणा चालते एवढंच सांगतं, अर्थिंगबद्दल काहीच सांगत नाही. ही मशीनची चाचणी झाल्यावरच आई पाण्यात उतरली.

आता दर महिन्याच्या एक तारखेला मी बटण दाबते. ते दाबल्यावर वीज गेली नाही, तर त्या दिवशी टब नाही. रोहिणी नक्षत्रात वळवाच्या विजा कडकडू लागल्या की टब बंद, आणि मेनवर विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा सर्ज अरेस्टरही बसवला आहे. हीटर वर्षातून एकदा उघडून क्षार काढतो. हिवाळ्यात पाणी लवकर तापावं म्हणून टबात रॉड सोडायची सूचना एका पाहुण्याने केली होती. मी त्यांना हात जोडून सांगितलं, की रॉड आमच्या अंगणातसुद्धा आणायचा नाही.

अर्थिंग दर मे महिन्यात मोजतो. आकडा डबीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिलेला असतो. पहिली ओळ ३.४ ची आहे, तिच्याखाली ३.९. पाचाच्या वर गेला तर आधी आरओची नळी तुंबली का ते पाहायचं, असं सरांनी सांगून ठेवलं आहे. मामांनी स्वतःचा अर्थ टेस्टर घेतला आहे. शेजारच्या घरी नुसता गिझर आणि बोअरची मोटर आहे, टब नाही. तिथला खड्डा त्यांनी मागच्या उन्हाळ्यात मोजला तर काटा चाळीसच्या वर गेला. त्या घरात आरसीसीबी होती, पण डायरेक्ट केलेली. ती त्याच दुपारी जोडून दिली, आणि खड्ड्याचं काम पावसाच्या आधी उरकलं.